खलाशी पाकिस्तानच्या ताब्यात गेला, तर घरच्यांनी काय करायचं

डहाणूच्या तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहून देते. जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव, सातबाऱ्यावर वारस, असली रोजची कामं. अधूनमधून एक वेगळं काम येतं. ओखा नाहीतर पोरबंदरच्या बोटीवर गेलेला घरचा माणूस पाकिस्तानने धरलेला असतो आणि घरच्यांना पुढचं काही सुचत नसतं. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून सीझनला गाड्या भरून माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, तेव्हा हा प्रश्न इथे नवा नाही. तरी प्रत्येक घर पहिल्यापासून चाचपडतं, म्हणून हे एकदाचं लिहून काढलं.

आधीच सांगते, चांगला अर्ज लिहिला म्हणून कराचीच्या तुरुंगाचं दार उघडत नाही. पण कागदात नाव चुकलं तर शिक्षा संपल्यावरही माणूस आत राहतो. घरच्यांच्या हातात आहे ते कागदाचं काम, आणि ते वाटतं त्यापेक्षा बरंच मोठं आहे.

दोन सरकारांत काय ठरलंय

कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. पाकिस्तान म्हणतो तिचा पूर्वेचा काठ ही हद्द, भारत म्हणतो खाडीची मधली धार. गंमत अशी की दोघेही मुंबई सरकारच्या १९१४ च्या एकाच ठरावावर बोट ठेवून भांडतात. खाडीतलीच हद्द ठरत नाही म्हटल्यावर तिच्या तोंडापासून पुढे समुद्रात रेघ कुठून काढायची हेही ठरत नाही. त्यात रात्री जाळं पाण्यात असताना ओढ लागली की बोट सरकते, आणि सिंधूच्या मुखाकडे मासळी चांगली, म्हणून तांडेलही, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, कधी कधी डोळेझाक करतो. मग पाकिस्तान मेरीटाइम सिक्युरिटी एजन्सीची जहाजं आपल्या बोटी धरतात आणि आपलं तटरक्षक दल त्यांच्या.

समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचं कलम ७३ म्हणतं की दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात मासे धरले म्हणून, दोन देशांत वेगळं काही ठरलं नसेल तर, कैदेची शिक्षा देऊ नये. हमी घेऊन माणसं आणि बोट लवकर सोडावी. हा कायदा भारताने १९९५ ला आणि पाकिस्तानने १९९७ ला मान्य केला. तरी कराचीत आपल्या माणसांवर परकीय नागरिकांचा कायदा आणि त्यांचा १९७५ चा मासेमारीचा कायदा लागतो, आणि आपणही त्यांच्या माणसांना तुरुंगातच ठेवतो. तेव्हा कलम ७३ वर विसंबून बसू नका. अर्जात मात्र त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

उपयोगाचा आहे तो २१ मे २००८ चा करार. त्यातल्या चार गोष्टी घरच्यांना पाठ हव्यात. अटक झाली की लगेच दुसऱ्या देशाला कळवायचं. तीन महिन्यांच्या आत त्या देशाच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यायचं. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या द्यायच्या. आणि शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं की महिन्याच्या आत घरी पाठवायचं.

याद्यांचं कलम सगळ्यात नीट पाळलं जातं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीचं ठाणं बंद झालं, दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसं ३० वर आणली गेली, मे महिन्यात तर लढाईच झाली. तरी १ जुलैला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानने १९३ मच्छीमार कळवले, भारताने ८१. एका महिन्यात सोडण्याचं कलम मात्र बहुतेक वेळा कागदावरच राहतं. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची, तीही २०१३ नंतर भेटलेली नाही. ती परत सुरू व्हावी ही मागणी तुमच्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी एका ओळीत घालत जा. ओळ लिहायला पैसे पडत नाहीत.

बोटीवर जायच्या आधी

खरं काम इथेच आहे आणि इथेच लोक टाळाटाळ करतात. माणूस घरी असताना अर्ध्या दिवसात होणारी गोष्ट, तो आत गेल्यावर सहा महिने खाते.

आधार, मतदार कार्ड, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जे असेल ते सगळं समोर मांडा आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव एकसारखं आहे का बघा. आमच्याकडे एकाच माणसाचं आडनाव एका कागदावर वरठा आणि दुसऱ्यावर वरठे असं सर्रास असतं. वडील घरच्या नावाने एकीकडे, शाळेतल्या नावाने दुसरीकडे. गुजरातेत गेल्यावर त्यात भर म्हणून नावापुढे ‘भाई’ लागतं, मग रमणचा रमणभाई होतो. तिकडचा पोलीस ऐकेल तसं उर्दूत लिहितो, तिथून ते इंग्रजीत येतं, आणि पाड्यावर चौकशीला आलेल्या हवालदाराला त्या नावाचा माणूसच सापडत नाही.

जिल्ह्याचा घोळ वेगळा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीच्या दाखल्यांवर जिल्हा ठाणे आहे, आधारवर पालघर. बोट गुजरातची असते म्हणून काही जण पत्ताच ओख्याचा सांगून मोकळे होतात. तसं झालं तर चौकशीचा कागद गुजरातेत जातो, तिथे ‘असा इसम राहत नाही’ असा शेरा मिळतो आणि मग तो इकडे वळतो. म्हणून माणसाकडून तोंडपाठ करून घ्या: नाव, वडिलांचं नाव, पाडा, गाव, तालुका, पोलीस ठाणं, जिल्हा, राज्य. पाटीलपाडा कितीतरी गावांत आहे, नुसतं पाटीलपाडा म्हणून भागत नाही. पोलीस ठाणं तर नक्कीच पाठ हवं. बोर्डीचा माणूस डहाणू तालुक्यातला असला तरी त्याचं ठाणं घोलवड.

तरणी पोरं हसतात याला. मी म्हणते, हसा, पण एकदा माझ्यासमोर न अडखळता म्हणून दाखवा.

बोट बंदरातून निघताना समुद्रात जायच्या परवानगीचं ऑनलाइन टोकन घेते आणि त्यात खलाशांची नावं असतात. दुसऱ्याच्या नावावर बोटीत चढू नका. कुणी आजारी पडला म्हणून त्याच्या जागी गेलात आणि बोट धरली गेली, तर सरकारी कागदावर तुम्ही त्या बोटीत नव्हताच. सेठ, म्हणजे बोटीचा मालक, म्हणेल, आता कुठे बदलत बसायचं. त्याला बदलायला लावा. टोकनचा फोटो, बोटीचं नाव, तिचा ‘आयएनडी-जीजे’ने सुरू होणारा नंबर, सेठचा आणि तांडेलाचा फोन, हे सगळं बोट सुटायच्या आधी घरी व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ द्या. उचल किती घेतली तेही त्यात लिहा, पुढे हिशोबाला लागेल.

घरी एक प्लास्टिकची फाइल करा. माणसाचे चार फोटो, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, आणि एका चिठ्ठीवर ओळखीच्या खुणा: हातावर काय गोंदलंय, दोराने कापलेलं बोट कुठलं, कपाळावरचा व्रण. या खुणांची किंमत पुढे कळेल.

बातमी आली की

सरकारकडून पहिली बातमी क्वचितच येते. बरोबरच्या बोटीने वायरलेसवर ऐकलेलं असतं, ती सेठला सांगते, सेठ गावच्या मुकादमाला. बोट नुसती संपर्काबाहेर आहे की धरली गेली, हे आधी स्पष्ट करून घ्या. नुसती बेपत्ता असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन फोन ताबडतोब. धरली गेल्याचं नक्की असेल तर रडारड बाजूला ठेवून त्याच दिवशी अर्ज.

अर्ज एकच लिहायचा आणि प्रती काढायच्या. एक आपल्या पोलीस ठाण्यात, एक पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना, एक पोलीस अधीक्षकांना, एक पालघरच्या मत्स्यव्यवसाय सहाय्यक आयुक्तांना, एक दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाला. आमदार-खासदारांना हवी तर द्या, पण त्यांना दिली म्हणून बाकीच्या टाळू नका. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर पोच, म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे, तिथेही तक्रार नोंदवा आणि मिळालेला नंबर फाइलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहा.

मी मजकूर असा घेते:

‘माझे पती (आधारवरील पूर्ण नाव, गुजरातमधील कागदांवर … असेही नाव असू शकते), वडिलांचे नाव …, वय …, रा. … पाडा, गाव …, ता. डहाणू, पोलीस ठाणे …, जि. पालघर (पूर्वीचा जि. ठाणे), महाराष्ट्र, हे … या बोटीवर (नोंदणी क्र. …, बंदर …, मालक …) खलाशी असून दि. … च्या सुमारास सदर बोट पाकिस्तान मेरीटाइम सिक्युरिटी एजन्सीने ताब्यात घेतल्याचे समजते. ओळखीच्या खुणा: …. भारत-पाकिस्तान यांच्यातील दि. २१ मे २००८ च्या करारानुसार त्यांना तीन महिन्यांच्या आत भारतीय अधिकाऱ्यांची भेट मिळावी, तसेच त्यांच्या नागरिकत्वाची पडताळणी तातडीने व्हावी, ही विनंती.’

शेवटी ती न्यायाधीशांच्या समितीची ओळ, आणि एवढंच. बोट कुठे होती, हद्द ओलांडली की नाही, हे लिहू नका. ते तुम्हाला माहीत नसतं. दु:खाचं वर्णनही एका ओळीच्या वर नको. कारकून पहिला परिच्छेद वाचतो आणि त्यातच त्याला सगळं सापडलं पाहिजे.

दिल्लीची प्रत इंग्रजीत करा. इंग्रजी स्पेलिंग आधारवर आहे तेच, तुमच्या भाच्याला बरोबर वाटेल ते नाही.

नागरिकत्वाची चौकशी

बोट कराचीला नेतात, तिथल्या डॉक्स पोलीस ठाण्यात गुन्हा लागतो, कोर्ट होतं आणि माणसं मलीरच्या जिल्हा तुरुंगात जातात. शिक्षा बहुतेकांना काही महिन्यांचीच होते. ती संपल्यावर लोक आत का राहतात, हे घरच्यांना कळत नाही आणि कुणी समजावूनही सांगत नाही.

कराचीतली आपली वकिलात १९९४ ला बंद झाली. त्यामुळे भेटीला अधिकारी इस्लामाबादहून येतात आणि एका फेरीत जमतील तेवढ्यांना भेटतात. कैद्याने सांगितलेलं नाव-गाव फॉर्मवर उतरतं. तो फॉर्म इस्लामाबादहून दिल्लीला, परराष्ट्र मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे, तिथून मुंबईला, तिथून पालघरच्या अधीक्षकांकडे, तिथून ठाण्यात, आणि ठाण्यातून एक हवालदार मोटारसायकलवर पाड्यावर. तो दोन शेजाऱ्यांचे जबाब घेतो, पोलीस पाटलाची सही घेतो आणि अहवाल लिहितो. मग सगळा प्रवास उलटा. या वाटेवर कुठेही कागद पडून राहिला तर माणूस पडून राहिला.

म्हणून कागदाच्या मागे तुम्ही चालायचं. बातमी आल्यापासून दोन-तीन महिन्यांनी ठाण्यात जाऊन विचारा, चौकशीचा कागद आला का. आला नसेल तर अधीक्षक कार्यालयात, परराष्ट्र शाखा कोण बघतं ते विचारून तिथे. तिथेही नसेल तर ‘मदद’वरच्या जुन्याच तक्रारीत पुढचा प्रश्न टाका, नवीन तक्रार करू नका, फाइल फुटते. हवालदार येईल त्या दिवशी घरी कुणीतरी शहाणं माणूस, ती प्लास्टिकची फाइल आणि पोलीस पाटील हजर हवेत. घर बंद दिसलं तर तो कुलपाचा शेरा मारून जाईल, त्याच्याकडे दहा कामं असतात. नावात फरक असेल तर अहवालातच ‘सदर दोन्ही नावे एकाच इसमाची’ असं लिहून घ्या. खुणांची चिठ्ठी इथे काढायची: नाव जुळत नसेल तेव्हा गोंदण जुळतं.

अहवाल गेला की त्याचा जावक नंबर मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. अहवालाची प्रत कदाचित नाकारतील, जावक तारीख नाकारायला कारण नाही.

जानेवारी आणि जुलैत मंत्रालय आकडे जाहीर करतं. आपला माणूस त्या यादीत आहे का, हे दर सहा महिन्यांनी लेखी विचारायचं. यादीत ‘भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे’ असा शब्दप्रयोग असतो. त्या ‘समजले जाणारे’मधून आपला माणूस बाहेर काढणं म्हणजेच वरची सगळी खटपट.

मधल्या काळात

एजंटला पैसे देऊ नका. ‘दिल्लीत माझी ओळख आहे’ म्हणणारा कुणीतरी हमखास येतो. सुटका दोन सरकारं ठरवतात आणि ती घोळक्याने होते, एकट्याला सोडवून आणणारा कुणी नसतो.

सेठकडून पकडल्या दिवसापर्यंतचा हिशोब लेखी घ्या. उचल वजा जाता काय राहतं ते आत्ताच कागदावर हवं. वर्षाने त्याला आठवत नाही. बोट गेल्याने सेठही बुडालेला असतो, हे मला माहीत आहे, पण ती त्याची बोट. गुजरात सरकार तिकडच्या कैदी मच्छीमारांच्या घरच्यांना दिवसाला ३०० रुपये देतं. आपलं घर महाराष्ट्रात, म्हणून आपला मदतीचा अर्ज पालघरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात, अटकेच्या पुराव्यासह.

रेशनची ई-केवायसी हा नवा ताप. अंगठा द्यायला माणूसच नाही, मग नाव गळतं. तहसीलच्या पुरवठा शाखेला लेखी कळवा की तो परदेशात कैदेत आहे, आणि पोलिसांकडे दिलेल्या अर्जाची पोच जोडा. नाव गळालं तर त्याचं धान्य जातं, शिवाय त्याच्या नावाचा एक पुरावा कमी होतो.

पूर्वी तुरुंगातून चिठ्ठ्या यायच्या, हिंदीत किंवा गुजरातीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या. अशी जुनी चिठ्ठी पाकिटासकट जपा, पाकिटावर तुरुंगाचा पत्ता आणि तारीख असते. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानशी टपाल बंद केलं, तेव्हा टपालावर भिस्त ठेवू नका. निरोप उच्चायुक्तालयामार्फत जावा असा अर्ज करा. आजारपणाची औषधं चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी त्या अर्जाला जोडाच. मार्च २०२४ मध्ये आमच्या तालुक्यातला एक खलाशी कराचीत कैदेत असताना वारला, आणि त्याचं शव गावी यायला महिन्याहून जास्त लागला. तसा प्रसंग आलाच, तर शव आणण्याचा अर्जही याच पत्त्यांवर आणि त्याच फाइल नंबरवर जातो.

आता एक गोष्ट, जी इथे सगळ्यांना रुचत नाही. आपल्या तुरुंगांत सिंधचे मच्छीमार आहेत. त्यांच्याही घरच्यांची हीच धावपळ तिकडे ठट्टा-सुजावलकडे चाललेली असते. दोन्ही सरकारं एकमेकांकडे बघून सोडतात. इकडून सुटले की तिकडून सुटायला जोर येतो. म्हणून आपल्या माणसासाठी निवेदन देताना ‘शिक्षा पूर्ण झालेल्या दोन्हीकडच्या मच्छीमारांना सोडावे’ असं लिहा. आपल्याकडचा राष्ट्रीय मच्छीमार मंच आणि कराचीचा पाकिस्तान फिशरफोक फोरम अशीच मागणी वर्षानुवर्षं करतात. कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या, त्याचा माणूस आत नाही.

सुटकेची वेळ

सुटका ठरते तेव्हा अचानक ठरते. मे २०२३ मध्ये एका खेपेला १९८ जण सुटले, फेब्रुवारी २०२५ मध्ये २२. उच्चायुक्तालय प्रवासाचा तात्पुरता दाखला देतं. मलीरहून माणसं लाहोरला आणतात. तो खर्च कराचीची एधी फाउंडेशन करत आली आहे. तिथून वाघा, आणि अटारीला आपल्या ताब्यात, अशी आजवरची वाट. गुजरातच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी न्यायला येतात आणि सगळ्यांना वेरावळला नेतात. आपल्या माणसाची वाट वेरावळहून पुढे डहाणूपर्यंत कोण बघणार, हे पालघरच्या कार्यालयाला आधीच विचारून ठेवा. घरच्यांनी अटारीला धावू नये. पैसे जातात आणि गर्दीत भेट होईलच असं नाही. फोन चार्ज ठेवा, अनोळखी नंबर उचला.

घरी आला की आधी सरकारी दवाखान्यात छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी, खोकला असो नसो. मग ठाण्यात हजेरी आणि जबाब. प्रवासाचा तात्पुरता दाखला कुणी मागितला तर झेरॉक्स द्या, मूळ कागद फाइलमध्ये. रेशनची केवायसी, बँकेचं बंद पडलेलं खातं आणि सेठकडचा राहिलेला हिशोब ही तीन कामं पहिल्या पंधरवड्यात उरका. ऑगस्ट जवळ आला की मुकादम परत दारात येतो आणि उचल घेतली की जुना हिशोब त्यातच बुडवून टाकतो.